दात कुणाचे मोजायचे?

१ मे २०१४ पासून युरोपात हापूस जायचा बंद झाला. खेपांमध्ये फळमाशी सापडली हे कारण होतं. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकलं. त्या उन्हाळ्यात आपल्याकडे पुष्कळांनी ‘युरोपियन पार्लमेंट’च्या नावाने बोटं मोडली. पत्ता चुकला होता. बंदी घातली ती युरोपीय आयोगाने, आणि तिला होकार दिला सदस्यदेशांच्या अधिकाऱ्यांच्या एका स्थायी समितीने, दार लावून. संसदेच्या सभागृहात त्यावर मतदान झालंच नव्हतं. पुढच्या जानेवारीत आंब्यापुरती बंदी उठवायचं ठरलं, तेही तशाच समितीत.

गंमत अशी की या संसदेला हापूसची वैरीण म्हणणारी तोंडं दुसऱ्याच वाक्यात तिला बिनदाताची म्हातारी ठरवतात. हा दुसरा आरोप जास्त प्रतिष्ठित आहे. तो परिसंवादांत होतो, अग्रलेखांत होतो, आणि जगातल्या कुठल्याही आंतरराष्ट्रीय संस्थेविषयी बोलताना होतो. आरोप असा: या संसदेला विधेयक मांडता येत नाही, सरकार बनवता येत नाही, कर लावता येत नाही, तिच्यामागे ‘एक जनता’ नाही. मग ती कसली संसद? ७२० पगारी माणसांचा गप्पांचा फड. लोकशाही नांदते ती राष्ट्राच्या कुंपणात. कुंपणाबाहेर फक्त राजनय.

यातला जवळजवळ प्रत्येक तपशील खरा आहे. निष्कर्ष तेवढा साफ चुकलेला आहे. संसदेची ताकद तिच्या नावावर किती विधेयकं मांडली गेली यावरून कळत नाही. समोर आलेला कागद ती फाडू शकते का, नव्याने लिहू शकते का, आणि तसं केल्यावर तिच्या सदस्यांचं काही बिघडतं का, यावरून कळते. या मापाने मोजलं तर लाजायची पाळी स्ट्रासबुर्गला भरणाऱ्या या संसदेवर येत नाही.

विधेयकाचंच बघू. युरोपीय संघात कायद्याचा प्रस्ताव मांडायचा हक्क, थोडे अपवाद सोडले तर, आयोगाकडेच आहे. संसदेला फार तर ‘अमुक विषयावर प्रस्ताव आणा’ अशी मागणी करता येते. आयोगाने ती धुडकावली तर त्याला कारण सांगावं लागतं, बस. हे व्यंग आहे, मी ते झाकत नाही. पण आपल्याकडे तर कुठल्याही खासदाराला विधेयक मांडता येतं. शुक्रवारची दुपार त्यासाठी राखूनच ठेवलेली असते. स्वातंत्र्यापासून आजवर अशी किती खासगी विधेयकं कायदा झाली? चौदा. शेवटचं १९७० साली. त्या साली जन्मलेली माणसं आता निवृत्तीला टेकली.

म्हणजे हक्क आहे आणि उपयोग नाही. मंत्रिमंडळाने आणलेल्या विधेयकाचं पुढे काय होतं, हा खरा प्रश्न. सतराव्या लोकसभेत पाच विधेयकांमागे एकसुद्धा स्थायी समितीकडे गेलं नाही. २०२३ मध्ये खात्यांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना एका दमात मंजूर झाल्या. आणि १९८५ पासून पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची खासदारकीच जाऊ शकते. अशा सभागृहातून आलेल्या माणसाने दुसऱ्याला गप्पांचा फड म्हणावं, याला धीर लागतो.

स्ट्रासबुर्गमध्ये गटाविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाचं सदस्यत्व जात नाही. तिथे सरकारी बाकंच नाहीत. पाडायला-वाचवायला रोजचं सरकार नसल्यामुळे प्रत्येक विधेयकाचं बहुमत नव्याने जमवावं लागतं, आणि ते जमवताना विधेयक बदलतं. निसर्गाच्या पुनरुज्जीवनाचा कायदा आयोगाने आणला तेव्हा आयोगाच्या अध्यक्षा उर्झुला फॉन डेर लायन ज्या पक्षाच्या, त्याच पक्षाचा गट विरोधात उभा राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा ३२९ विरुद्ध २७५ मतांनी तरला, तोही पुष्कळ पातळ होऊन. तो पातळ झाला याचं मला वाईट वाटतं. पण पंतप्रधानांच्या विधेयकाविरुद्ध त्यांचाच पक्ष उभा ठाकलाय आणि मतमोजणी होईपर्यंत निकाल कुणालाच माहीत नाही, हे दृश्य आपण आपल्या सभागृहात शेवटचं कधी पाहिलं?

युरोपचा माहितीच्या गोपनीयतेचा कायदा घ्या. २५ मे २०१८ पासून तो लागू झाला आणि जगभरच्या संकेतस्थळांनी आपल्याला ‘कुकी’ विचारण्याचा धडाका लावला (त्या चौकटींनी माझं डोकं उठतं, ते वेगळं). आयोगाचा मसुदा २०१२ चा. संसदेत त्याची जबाबदारी आली जर्मनीच्या ग्रीन पक्षाच्या यान फिलिप आल्ब्रेख्त या तिशीच्या आतल्या सदस्याकडे. जवळपास चार हजार दुरुस्त्या आल्या. नियम मोडणाऱ्या कंपनीला दंड किती, या एकाच मुद्द्यावर पाहा: आयोगाने म्हटलं होतं जागतिक उलाढालीच्या २ टक्क्यांपर्यंत, संसद अडून बसली ५ टक्क्यांवर, आणि कायद्यात छापलं गेलं ४ टक्के. मसुदा दोनाचा, कायदा चाराचा. मधले दोन टक्के म्हणजेच ती संसद. अमेरिकी कंपन्यांना झालेल्या कोट्यवधी युरोंच्या दंडांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्या मुळाशी ही घासाघीस आहे.

ही ताकद तिला कुणी ओवाळणीत घातलेली नाही. १९५२ साली कोळसा-पोलाद समुदायाची सभा भरली तेव्हा ७८ सदस्य होते, सगळे आपापल्या राष्ट्रीय संसदांनी धाडलेले. ‘युरोपीय संसद’ हे नाव त्या सभेने १९६२ मध्ये स्वतःच लावून घेतलं. सरकारांनी ते करारात लिहायला पुढे दोन दशकांहून अधिक वेळ घेतला. थेट निवडणूक झाली जून १९७९ मध्ये, नऊ देशांत, ४१० जागांसाठी. अध्यक्ष झाल्या सिमोन व्हेल. औशवित्झमधून जिवंत परतलेल्या. आई, वडील, भाऊ छळछावण्यांच्या त्या काळात गमावलेल्या. जर्मन सदस्यांच्या मतांसह त्या त्या खुर्चीवर बसल्या. त्याच डिसेंबरात या नव्या सभागृहाने पुढच्या वर्षाचा अख्खा अर्थसंकल्प परत पाठवला.

पण खरा धडा मिळाला तो मक्याच्या पाकातून. आयसोग्लुकोज हा मक्याच्या स्टार्चपासून काढलेला गोड पाक. साखर कारखान्यांचा प्रतिस्पर्धी. (साखरेचं राजकारण काय चीज असते हे महाराष्ट्रात सांगायला नको.) जून १९७९ मध्ये सदस्यदेशांच्या मंत्रिपरिषदेने त्याच्या उत्पादनावर कोटा लावला. करारानुसार संसदेचं मत घ्यायला हवं होतं. तेव्हा कायद्यांवर संसदेला अधिकार असा नव्हताच, फक्त ‘विचारायचं’. परिषदेने विचारलं होतं, पण उत्तर यायच्या आत नियम काढून मोकळी झाली, कारण उत्तर काहीही आलं तरी फरक पडणार नव्हता. एक फ्रेंच कंपनी न्यायालयात गेली. संसदही स्वतःहून त्या खटल्यात उतरली. ऑक्टोबर १९८० मध्ये युरोपीय न्यायालयाने नियम रद्द केला: विचारणं हा उपचार नाही, मत आल्याशिवाय कायदा पुरा होत नाही.

संसदेने यातून काय शिकावं? मत द्यायला उशीर करायचा. मत येत नाही तोवर कायदा अडकतो, कायदा अडकला की मंत्री बोलायला येतात, आणि बोलायला आले की काहीतरी सोडतात. सल्ला देण्याच्या हक्कातून तिने नकाराचा हक्क असा काढला. कागदावरचे अधिकार मग करारागणिक मागून येत गेले. १९८७ पासून थोडे, मास्ट्रिक्टनंतर १९९३ मध्ये सहनिर्णयाचा हक्क, आणि १ डिसेंबर २००९ रोजी लिस्बन करार लागू झाल्यावर बहुतेक विषयांत सरकारांच्या परिषदेच्या बरोबरीचं स्थान. दरम्यान १९९९ मध्ये एक अख्खा आयोग घरी गेला. आयोगाच्या कारभारातली बिलं, नेमणुका आणि ओळखीपाळखी यांवर संसदेने जानेवारीत अविश्वासाचा ठराव आणला. तो पडला, पण स्वतंत्र तज्ज्ञांची चौकशी मान्य करायला लावून. आयोगाच्या सदस्य आणि फ्रान्सच्या माजी पंतप्रधान एदित क्रेसाँ यांनी आपल्या ओळखीच्या दंतवैद्याला वैज्ञानिक सल्लागार म्हणून नेमल्याचं त्यात निघालं. अहवाल आला त्या मार्चच्या रात्री अध्यक्ष जाक सांतेर यांच्यासह सगळ्या आयोगाने राजीनामा दिला, कारण पुढच्या ठरावात काय होणार हे उघड होतं. बिनदाताच्या संसदेने दंतवैद्याच्या पायी सरकार घालवलं, अशी कोटी तेव्हा कुणी केली नसेल तर मी आत्ता करून घेतो.

लिस्बन करार लागू होण्याच्या आदल्या दिवसाची एक गोष्ट या लेखातल्या सगळ्या युक्तिवादाला पुरून उरेल. बँकांमधल्या व्यवहारांचे संदेश ‘स्विफ्ट’ या यंत्रणेतून जातात. दहशतवाद्यांचा पैसा शोधण्यासाठी अमेरिकेला ते हवे होते, आणि युरोपीय सरकारं द्यायला तयार होती. लिस्बननंतर अशा कराराला संसदेची संमती लागणार होती. म्हणून मंत्र्यांनी सही केली ३० नोव्हेंबर २००९ रोजी. १ डिसेंबर उजाडायला काही तास उरले असताना. ज्या सभागृहाला दात नाहीत म्हणता, त्याला चुकवायला मंत्री असे मध्यरात्रीच्या आत का धावतात?

धावून उपयोग झाला नाही. संमती लागलीच. हिलरी क्लिंटन आणि अर्थमंत्री टिमथी गाइटनर यांनी आर्जवं केली. ११ फेब्रुवारी २०१० रोजी संसदेने ३७८ विरुद्ध १९६ मतांनी करार फेटाळला. त्या मे महिन्यात अमेरिकेचे उपाध्यक्ष जो बायडन ब्रसेल्सला येऊन या सभागृहापुढे भाषण करून गेले. उन्हाळ्यात थोड्या बऱ्या अटींचा नवा करार झाला, तेव्हा तो संमत झाला. अटी पुरेशा बऱ्या होत्या का, यावर वाद घालता येईल. पण अमेरिकेचा उपाध्यक्ष गप्पांच्या फडापुढे गाऱ्हाणं मांडायला येत नसतो.

दोन वर्षांनी ‘ॲक्टा’. नकली मालाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार म्हणून तो आला. आत इंटरनेटवर पाळत आणि औषधांच्या वाहतुकीला अडथळा अशी बीजं होती. भारतात बनलेली जेनेरिक औषधं ब्राझीलसारख्या देशांत जाताना नेदरलँड्सच्या विमानतळावर पेटंटचं कारण काढून अडवली जाण्याचे प्रकार २००८-०९ मध्ये घडले होते. भारताने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली होती. म्हणजे हा करार आपल्याही खिशाशी भिडणारा होता. २६ जानेवारी २०१२ रोजी टोकियोत युरोपीय संघाने आणि त्याच्या २२ सदस्यदेशांनी सह्या केल्या. त्याच दिवशी संसदेतले या कराराचे प्रतिवेदक, फ्रान्सचे कादर आरिफ, हा सगळा देखावा आहे म्हणत त्या कामातून बाजूला झाले. पोलंडपासून जर्मनीपर्यंत कडाक्याच्या थंडीत पोरं रस्त्यावर उतरली. ४ जुलैला संसदेत मतदान झालं: बाजूने ३९, विरोधात ४७८. बावीस सरकारांच्या सह्या असलेला कागद एका दुपारी रद्दीत गेला, आणि त्याबरोबर तो करारच जगभर गारठला.

इथे पुन्हा घराकडे बघावंसं वाटतं. एप्रिल १९९४ मध्ये माराकेशला जागतिक व्यापाराच्या करारावर आपल्या सरकारने सही केली. आपल्या पेटंट कायद्याची उलथापालथ त्या एका सहीने ठरून गेली. २००५ मध्ये त्यावर संसदेत झालेली रणधुमाळी ही वरात निघून गेल्यावरची वाजंत्री होती. सहीसाठी संसदेची संमती घ्यावी अशी अट आपल्या घटनेत नाही. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या व्यापारकराराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. असा करार अमलात यायचा तर स्ट्रासबुर्गच्या सभागृहाचं मत लागतंच. दिल्लीच्या सभागृहाचं लागत नाही. नाशिकच्या द्राक्षांचं आणि रत्नागिरीच्या आंब्याचं काय होणार यावर माल्टाचा सदस्य होय-नाही म्हणू शकेल; नाशिकचा खासदार फार तर प्रश्न विचारेल.

आता ‘जनता’. टीकाकारांचं हे सर्वांत भारी अस्त्र. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३० जून २००९ च्या निकालात ते फार विद्वत्तेने परजलं आहे: युरोपीय संसद ही एका सार्वभौम जनतेची प्रतिनिधी नाही, सदस्यदेशांच्या वेगवेगळ्या जनतांची आहे, शिवाय मतांचं मोल समान नाही. जागांचं गणित तसंच आहे. सव्वाआठ कोटींच्या जर्मनीला ९६, पाच-साडेपाच लाखांच्या माल्टाला ६. माल्टाच्या मताला जर्मन मताच्या नऊ-दहा पट वजन. भाषा चोवीस. एक वर्तमानपत्र सगळे वाचत नाहीत, एक विनोद सगळ्यांना कळत नाही.

हे ऐकताना मराठी माणसाच्या कानात काहीतरी वाजायला हवं. जॉन स्ट्रॅची या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८८ साली आपल्याविषयी हेच लिहिलं होतं. भारत नावाचा देश नाही, कधी नव्हता, पंजाबी आणि बंगाली यांना एक राष्ट्र म्हणणं म्हणजे भ्रम, असा त्याचा सूर. ‘तुम्ही एक जनता नाही, म्हणून तुम्हाला प्रतिनिधिगृह नको’ हा युक्तिवाद आपल्यावर चालवला गेला. आपण तो खोटा पाडला, आणि तोही आधी एक जनता होऊन नव्हे. आधी सभागृह बांधलं; एकत्र मतदान केलं, एकत्र भांडलो, भाषावार राज्यांसाठी माणसं मेली, आणि त्या भांडणांतून ‘आपण’ म्हणायची सवय लागली. मतांच्या मोलाचं म्हणाल तर लक्षद्वीपचा खासदार साठ हजारांहून कमी मतदारांचा आहे आणि तेलंगणातल्या मलकाजगिरीचा तीस लाखांहून जास्त. राज्याराज्यांतल्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवून आपण अर्धशतक काढलं, आणि आता ती गोठवणूक उठवायची वेळ आली तर दक्षिणेतली राज्यं हवालदिल आहेत. लहानाला बुडू न देण्यासाठी थोडी असमानता पत्करावी लागते. संघराज्यात राहणाऱ्यांना हे समजवावं लागत नाही. जर्मनीच्या न्यायमूर्तींनाही समजू नये हे आश्चर्य, कारण त्यांच्या स्वतःच्या बुंडेसराटमध्ये ब्रेमेन आणि बव्हेरिया यांच्यातही अशीच तफावत आहे.

मतदार येतच नाहीत, असाही एक टोमणा असतो. १९७९ मध्ये ६२ टक्के आले, २०१४ पर्यंत उतरत ४३ च्या खाली गेले. तोवर टोमणा चालला. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळी आकडा ५० च्या वर गेला. तो फार मोठा नाही. पण अमेरिकी काँग्रेसच्या २०१४ च्या निवडणुकीत ३७ टक्केही धड आले नव्हते, म्हणून काँग्रेसला कुणी गप्पांचा फड म्हटलेलं ऐकिवात नाही.

मग या संसदेत सगळं आलबेल आहे का? मुळीच नाही, आणि तिचे वकील जेव्हा तसं भासवतात तेव्हा मला टीकाकार परवडतात. डिसेंबर २०२२ मध्ये कतारकडून पैसे घेतल्याच्या संशयावरून बेल्जियमच्या पोलिसांनी छापे घातले, नोटांनी भरलेल्या बॅगा सापडल्या, एका उपाध्यक्षांनाच अटक झाली. बाहेरची कमाई, भेटीगाठी, भेटवस्तू यांवरचे संसदेचे नियम तोवर किती भुसभुशीत होते ते तेव्हा दिसलं. त्याहून मोठी दुखरी जागा म्हणजे त्रिपक्षी बैठका. संसद, परिषद आणि आयोग यांचे मोजके लोक एका खोलीत बसतात, चार रकान्यांचा तक्ता पुढे ठेवतात: आयोगाचं म्हणणं, संसदेचं, परिषदेचं, आणि चौथ्या रकान्यात तडजोड. बहुतेक कायदे आता या चौथ्या रकान्यात जन्मतात आणि सभागृहात पहिल्याच वाचनात मंजूर होतात. २०१८ मध्ये न्यायालयाने हा तक्ता मागणाऱ्या नागरिकाला नाकारता येणार नाही असं म्हटलं. खटला हरलेली बाजू कोण? संसद स्वतः. तिनेच कागद दडवले होते. याला काही सबब नाही.

स्ट्रासबुर्गच्या फेऱ्यांवर मात्र तिला हसू नका. महिन्यातून एकदा ब्रसेल्सहून ट्रंका भरून सगळं बिऱ्हाड चारशेहून जास्त किलोमीटर हलतं आणि चार दिवसांनी परत येतं. हिशेबतपासनीसांच्या अंदाजाने वर्षाला ११ कोटी युरोंहून अधिक खर्च. ही चैन संसदेची नाही. तिने २०१३ मध्ये प्रचंड बहुमताने एकच जागा मागितली. पण बारा अधिवेशनं स्ट्रासबुर्गला हे सरकारांनी करारात कोरून ठेवलंय, आणि बदल करायचा तर सगळी सरकारं एकमुखाने हवीत. फ्रान्स हो म्हणणार नाही.

नेमकं इथेच बोट ठेवायला हवं. या संसदेची जी जी कमतरता दाखवली जाते तिच्यामागे जाऊन पाहिलं तर राष्ट्रीय सरकार उभं सापडतं. कर आणि परराष्ट्रधोरण यांत संसद दुबळी, कारण तिथे सरकारांना आपला नकाराधिकार सोडायचा नाही. २०१४ मध्ये पक्षांनी आयोगाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मतदारांपुढे ठेवले आणि जिंकलेल्या गटाचे युंकर अध्यक्ष झाले. २०१९ मध्ये सरकारप्रमुखांनी तो पायंडा बाजूला सारून मतपत्रिकेवर कुठेच नसलेलं फॉन डेर लायन यांचं नाव आणलं. संसदेने ३७४ मतं लागत असताना ३८३ देऊन ते स्वीकारलं, ही तिची चूकच. ग्रीसच्या कर्जकाळात निवृत्तिवेतनं कापायचे निर्णय झाले ते अर्थमंत्र्यांच्या बैठकांत, संसद गॅलरीत. २०२५ मध्ये शस्त्रखरेदीसाठी १५० अब्ज युरोंची कर्जयोजना आणीबाणीच्या कलमाखाली संसदेला वळसा घालून मंजूर झाली, तेव्हा ती परिषदेविरुद्ध न्यायालयात गेली. मंत्री ब्रसेल्सला जातात, बंद दालनात कायदा करतात, घरी परततात आणि छायाचित्रकारांपुढे खांदे उडवून सांगतात: ब्रसेल्सने लादलं. कायदा करणारी मंत्रिमंडळं, आणि ‘लोकशाहीची तूट’ म्हणून शिव्या खाणारी निवडून आलेली संसद! सरकारांच्या बाजूच्या सर्वोच्च खुर्चीवर, शिखर परिषदेच्या अध्यक्षपदी, डिसेंबर २०२४ पासून आंतोनियो कोस्ता आहेत. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, म्हणून आपल्याकडे कौतुक झालं. ते २००४-०५ मध्ये याच संसदेचे एक उपाध्यक्ष होते. भिंतीच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या या गृहस्थांना दात कुणाला जास्त आहेत हे विचारायला हवं.

ज्यांना राष्ट्राच्या कुंपणातली लोकशाहीच खरी वाटते त्यांनी गोव्याचाच एक दाखला पाहावा. १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालची नागरिकता नोंदवता येते. ती घेतली की भारताची जाते. असे हजारो गोंयकार इंग्लंडात स्विंडनला जाऊन राहिले, गोदामांत आणि कारखान्यांत राबले, कर भरले. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपात राहायचं की नाही यावर सार्वमत घेतलं. पुण्याहून शिकायला आलेला, भारतीय पासपोर्टचा विद्यार्थी त्यात मत देऊ शकत होता, कारण तो राष्ट्रकुलाचा नागरिक. स्विंडनच्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोंयकाराला, ज्याचं सगळं आयुष्य त्या निर्णयावर टांगलेलं होतं, मत नव्हतं. राष्ट्रीय लोकशाहीने त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. त्याला मत होतं ते मे २०१९ मध्ये, युरोपीय संसदेच्या निवडणुकीत. तिथेही ब्रिटनच्या एका जादा फॉर्मपायी त्याच्यासारखे कितीतरी जण केंद्रावरून परत पाठवले गेले, हा पुन्हा एका सरकारचा पराक्रम.

त्या निवडणुकीत ब्रिटनमध्ये पहिला आला नायजेल फराज यांचा पक्ष. वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत तोवर सात वेळा हरलेला हा माणूस १९९९ पासून सलग वीस वर्षं ‘गप्पांच्या फडा’त निवडून येत होता, कारण तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. त्या सभागृहाने त्याला माईक दिला, गट दिला, भत्ता दिला, आणि तो तिथूनच ते सभागृह मोडीत काढायची भाषणं ठोकत राहिला. २९ जानेवारी २०२० रोजी ब्रिटनच्या बाहेर पडण्याचा करार मतदानाला आला, कारण ब्रिटनला संघ सोडण्यासाठीदेखील या संसदेची संमती लागत होती. ६२१ विरुद्ध ४९ मतांनी ती मिळाली. फराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या भाषणात छोटे युनियन जॅक फडकवले; सभागृहात राष्ट्रध्वज लावायचे नाहीत असा नियम आहे. अध्यक्षस्थानी होत्या आयर्लंडच्या मेरीड मॅकगिनेस. त्यांनी माईक बंद केला, झेंडे घेऊन जायला सांगितलं, आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.